रसायनतज्ज्ञांनी रामकुंडावर यावे

मा. संपादक,

सातपूरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत माझी तीस वर्षे गेली. शहरातल्या रसायनतज्ज्ञांच्या मंडळाचा मी जुना सभासद. दरवर्षी २ ऑगस्टला, आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या जयंतीला, आम्ही व्याख्यान ठेवतो. व्याख्याने चांगली होतात, पण ऐकायला आम्हीच.

यंदा हा कार्यक्रम रामकुंडावर व्हावा. बाटलीत बुडबुडा न ठेवता गोदावरीचे पाणी भरायचे, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचे. पाण्यात प्राणवायू असेल तर साका तपकिरी होतो, नसेल तर पांढराच राहतो. शाळकरी पोरालाही हे डोळ्यांनी दिसते! पुढे आम्ल घालून थायोसल्फेटने मोजले की नेमका आकडा मिळतो. स्नानाच्या पाण्यात तो लिटरला किमान ५ मिलिग्रॅम हवा.

सिंहस्थाची मोठी स्नाने २०२७ मध्ये आहेत. तोवर दर महिन्याला हा आकडा खडूने फळ्यावर लिहून घाटावर लावू. रसायनांचा खर्च मी करतो. वापरलेले द्रावण डब्यात भरून परत न्यायचे, थेंबही नदीत जाता कामा नये. मंडळाने फक्त चार तरुण सभासद द्यावेत.

– एक निवृत्त रसायनतज्ज्ञ, सातपूर, नाशिक