मखमलाबादच्या मावशींना, बटेरांच्या घरातून

मावशी,

हे पत्र तुमची नात तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवेल. तिला बजावून ठेवलंय, तुम्ही मधेच "पुरे गं" म्हणालात तरी थांबायचं नाही. समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता आणि वर पिशवीत कोथिंबिरीची जुडी कोंबता, म्हणून हा चारचौघांत लिहायचा उद्योग. नाव लिहू नको म्हणालात, ते पाळते. पण बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात गावरान अंडी घेऊन बसणाऱ्या मावशी म्हटल्यावर निम्म्या पंचवटीला कळायचं ते कळणारच. त्याला माझा इलाज नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. ह्यांचं कंपनीतलं काम सुटलं. कामाची सवय असलेला माणूस घरात बसला की घराचं काय होतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बटेरं पाळायची आणि अंडी विकायची, असं ह्यांच्या मनानं घेतलं. जपानी बटेर; आपल्याकडे 1974 साली उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरच्या सरकारी केंद्रात आणलं तेच. जागा थोडी लागते, खाणं थोडं लागतं, आणि कोंबडी जिथे पाच-पाच महिने घेते तिथे हे पाखरू सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येतं. कागदावर गणित झकास होतं. नातेवाईक हसले. एका भाऊजींनी तर "मोठी झाली की तंदूरला बोलवा" म्हणून आधीच नंबर लावला. खालच्या मजल्यावरून "बटेर पाळणं गुन्हा आहे, माहीत आहे ना" असाही आवाज आला. रानातलं बटेर पकडणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहेच, आणि असायलाच हवा. पण ही बिचारी पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेली, यांना रान कुठलं ठाऊक!

एका दिवसाची पिल्लं आणली. एक पिल्लू सात-आठ ग्रॅमचं. दहा रुपयांचं नाणं तळहातावर ठेवून बघा, तेवढाच जीव.

आणि ती आली जानेवारीत, ऐन कडाक्यात. निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर आला की नाशिककरांना वेगळं सांगावं लागत नाही. द्राक्षवाले रात्रभर बागेत शेकोट्या पेटवून बसतात ते दिवस. पिल्लांना पहिल्या आठवड्यात 35 ते 37 अंशांची ऊब लागते. बल्ब होता, खोकं होतं, सगळं होतं, पण पहाटे वीज गेली. गारठलेली पिल्लं कोपऱ्यात एकमेकांवर चढतात. वरच्यांना ऊब मिळते, खालची गुदमरून मरतात. उजाडल्यावर आम्ही तो ढीग उपसला. दुसऱ्या रात्री वीज पुन्हा गेली. ह्यांनी काही न बोलता मेलेली पिल्लं कागदात गुंडाळली आणि गच्चीच्या कठड्याला टेकून उभे राहिले.

पिल्लं विकणाऱ्याला फोन लावला. विकताना "ताई, चोवीस तास आपला सपोर्ट आहे" म्हणणारा गृहस्थ. पैसे पोचेपर्यंत दिवसातून तीनदा ताई, पैसे पोचल्यावर फोन उचलायची बंदी. शेवटी एक मेसेज आला: "मॅडम, थोडी मरतुक धरूनच चालायची असते." धंद्याच्या भाषेत ते चूक नसेलही. पण पुढे "आता असं करा" एवढे तीन शब्द टाइप करायला काय लागतं?

मग खोकं घेऊन एका दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी झाकणसुद्धा उघडलं नाही. म्हणाले, "एका पिल्लाच्या किमतीपेक्षा माझी फी जास्त आहे, कशाला पैसे घालवता?" हिशोब अगदी बरोबर होता. बरोबर होता म्हणूनच जास्त झोंबला. रिक्षात बसल्यावर हे एवढंच म्हणाले, "माझाही हिशोब असाच कुणीतरी केला."

त्यानंतरचा बुधवार. भाजी घ्यायला म्हणून आले आणि तुमच्या टोपलीसमोर उभी राहिले. अंडी घ्यायची नव्हती. कोंबड्या पाळणारं माणूस दिसलं म्हणून विचारलं, एवढंच. तुम्ही माझं सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बटेर मी जन्मात पाळलं नाही बाई. पण गारठा काय, सगळ्यांना सारखाच." घर कुठं विचारलंत. हनुमानवाडी म्हटल्यावर, "मग माझ्या वाटेतच की." बाजार अजून भरात होता, टोपलीत निम्मी अंडी शिल्लक होती. तुम्ही टोपलीवर फडकं बांधलंत आणि उठलात. दुखऱ्या गुडघ्यानं तीन मजले चढलात, मधे एकदा जिन्यात बसलात, आणि वर आल्यावर मी पुढे केलेलं पाणीसुद्धा आधी घेतलं नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते.

खोक्यात एक पिल्लू कडेला लवंडून पडलं होतं. डोळे मिटलेले, पाय ताणलेले. मी ते उचलून तुमच्या हातात द्यायला गेले तर तुम्ही नुसत्या मानेनं नको म्हणालात. आधी दोन्ही तळहात एकमेकांवर चोळलेत. खरबरीत हात तुमचे, त्यांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. मग उजवा तळहात गालाला लावून बघितलात. पटलं नाही. परत चोळलेत, परत गालाला लावलात. आणि मग, दोन बोटांनी, ते पिल्लू उचलून ओंजळीत घेतलंत आणि वरून दुसरा हात झाकलात. म्हणालात, "गार हात लावला की त्याच्यात उरलीसुरली ऊब असते तीपण आपणच काढून घेतो." किती वेळ तशा बसून होतात कोण जाणे. नंतर कोमट पाण्याचं बोट चोचीच्या कडेला टेकवलंत. थेंब आत गेला. थोड्या वेळानं चोच हलली, आणि तुमच्या करंगळीच्या फटीतून एक काळा डोळा बाहेर बघायला लागला.

मावशी, मला तेव्हा रडू का आलं ते तुम्ही विचारलं नाहीत, हे फार बरं केलंत. पिल्लू जगलं याचा आनंद होताच. पण सात ग्रॅमच्या, कुणाच्या तरी धंद्यात मरतुकीच्या रकान्यात गेलेल्या जिवाला आपला हात गार लागू नये, याची काळजी कुणीतरी दोनदा गालाला लावून करत होतं. शिकलेल्या माणसांकडून आलेली मी. त्यांच्यापैकी कुणी हात बाहेरच काढला नव्हता.

हे दारात उभे राहून बघत होते. तुमच्या लक्षात आलं की नाही माहीत नाही, पण तेही नकळत तळहात चोळायला लागले होते. तेव्हापासून आमच्या घरात हात चोळल्याशिवाय कुणी पिल्लाला हात लावत नाही. उन्हं चढली तरी नाही. आता गरज नाही म्हटलं तरी ऐकत नाहीत.

बाकी तुम्ही काय काय सांगितलंत ते सगळं लिहीत बसत नाही. गरम पाण्याच्या बाटल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून खोक्यात ठेवायच्या, वरून गोणपाट, पण एक कोपरा उघडा. खाली पेपर नको, पेपरावरून पाय घसरून फाकतात ते कायमचे; त्यासाठी भाताचं तूस. पाण्याच्या वाटीत खडे, नाहीतर एवढ्याशा पाण्यात ही बुडतात. दुकानातल्या खाद्याचे दाणे यांच्या चोचीला मोठे होते, ते तुम्ही स्वतः आमच्या पाट्यावर भरडून दाखवलेत. माझ्या सासूबाईंचा पाटा, पण त्यांनीही त्या दिवशी चकार शब्द काढला नाही, यावरून काय ते समजा. आणि मी थर्मामीटर दाखवल्यावर तुम्ही म्हणालात, "तो राहू दे तिथंच. पिल्लं गोळा झाली तर गारठलीत, दिव्यापासून लांब पळून चोच उघडून बसली तर उकडतंय, आणि खोकंभर पसरून टिपत असली तर तू जाऊन जेव." यापेक्षा चांगलं मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मग आणखीही माणसं भेटत गेली. एकदा एक भलं माणूस भेटलं की आपल्यालाच विचारायचा धीर येतो, म्हणून असेल. पेठ रोडवरच्या विजेच्या दुकानदारानं मागच्या फडताळातून जुने पिवळे बल्ब शोधून काढले. हल्लीचे एलईडी उजेड भरपूर देतात, पण त्यांच्याखाली पिल्लू काही शेकत नाही. दिंडोरीच्या एका बागाईतदारानं द्राक्षांची रिकामी खोकी दिली आणि पैसे विचारल्यावर रागावला. शेजारच्या मुलानं स्वतःच्या अभ्यासाच्या खोलीतून इन्व्हर्टरची वायर काढून दिली, ऐन परीक्षेत. यातल्या कुणाला बटेरातलं काही कळत नव्हतं. माणसं चांगलीच असतात असं मी सरसकट म्हणणार नाही, वरचा अर्धा कागद त्याविरुद्ध साक्षीला आहे. पण चांगुलपणाला त्या विषयातली माहिती लागतेच असं नाही, एवढं मात्र मी आता कुणाशीही भांडून सांगेन. आणि ज्यांच्याकडे माहिती असते त्यांनी ती देताना थोडा हात चोळून घ्यावा. फुकट असतं ते.

संक्रांतीनंतर गारठा ओसरला. आठवड्याला तीनेक अंश ऊब कमी करत गेलो. तिसऱ्या आठवड्यात पिसं भरली आणि तुम्ही एका बुधवारी येऊन छातीकडे बघून वेगळं करायला बसलात: तांबूस छातीचे नर, ठिपक्यांच्या छातीच्या माद्या. "आमच्यात कोंबडा तुऱ्यावरून कळतो, यांनी सगळं छातीवर लिहून ठेवलंय," म्हणालात. दचकली की ही पाखरं सरळ वर उडी मारतात आणि जाळीला डोकं फोडून घेतात, हेही आम्हाला कुठं माहीत होतं? तुम्ही एकदा बघितलंत आणि पुढच्या खेपेला घरून जुनी ओढणी आणून जाळीखाली झोळीसारखी बांधलीत. कुणी शिकवलं नव्हतं तुम्हाला. बघत होतात, म्हणून दिसलं.

पहिलं अंडं शिवरात्रीच्या सुमारास मिळालं. कोंबड्यांसारखं सकाळी शोधत होतो, तर ही बहुतेक दुपार कलल्यावर घालतात. दिवस लहान म्हणून संध्याकाळी दिवा चालू ठेवायचो. अंड्यासाठी 14 ते 16 तास उजेड लागतो यांना. दिवा लावायला गेले तर तुसात ते पडलेलं, करड्या रंगावर काळे-तपकिरी डाग, जेमतेम दहा ग्रॅमचं. मी हाक मारली. हे आले, वाकले, आणि उचलण्याआधी ह्यांनी हात चोळले. अंड्याला! मी हसले, मग तेही हसले. ह्यांचं हसणं बऱ्याच महिन्यांनी ऐकलं, मावशी. हे मुद्दाम लिहितेय, कारण त्या दिवशी तुम्हाला नुसतं "अंडं आलं" एवढंच सांगितलं होतं.

आता रोज बऱ्यापैकी अंडी निघतात. गंगापूर रोडची दोन-तीन घरं बांधलेली आहेत, एक खानावळवाला घेतो. श्रीमंत झालो नाही, पण खाद्याचा खर्च निघून वर घराला हातभार लागतो. ह्यांना कुणी "सध्या काय करता" विचारलं की उत्तर आहे. तंदूरवाल्या भाऊजींना आम्ही अंडी विकत देतो, रोख.

तुम्ही पैसे घेत नाही. दिली तर दहा अंडी घेतलीत, उकडून खाल्लीत आणि वर तक्रार: "चव बरी आहे, पण सोलायला जीव जातो." आतला पापुद्रा चिवट असतो, त्याला मी काय करू? ह्या माद्या अंड्यावर बसत नाहीत, घालतात आणि निघून जातात, हे ऐकून तुम्ही कपाळाला हात लावलात. "बरंय बाई ह्यांचं," म्हणालात, आणि मग नर असलेल्या पिंजऱ्यातली थोडी अंडी फडक्यात बांधून घेऊन गेलात, तुमच्या त्या बारक्या खुडूक कोंबडीखाली ठेवायला. नात सांगत होती की कोंबडी जागची हलत नाही आणि तुम्हीही तिच्याजवळून फारशा हलत नाही.

कोंबडीसारखे एकवीस दिवस धरून बसू नका, मावशी. ही 17-18 दिवसांतच फोडून बाहेर येतात, म्हणजे तुमच्या हिशोबानं सोमवारी-मंगळवारी. कोंबडीचा पाय पिल्लावर पडेल अशी मला धास्ती वाटतेय, तेव्हा सुकली की लगेच खोक्यात घ्या. खोकं आणि दोन पिवळे बल्ब घेऊन हे रविवारीच येताहेत, नाही म्हणू नका. खाद्य भरडून ठेवलंय, तेही पाठवते. आणि पाण्याच्या वाटीत खडे टाका. तुम्हाला मी सांगायचं म्हणजे कमालच आहे, पण सांगून ठेवते.

तुमची,
हनुमानवाडीची बटेरवाली