डिस्चार्जनंतर कोण विचारतो?

अपघातग्रस्तांच्या तातडीच्या उपचारांसाठी जास्त निधी हवा, हा आपल्या अग्रलेखातील मुद्दा पटला. पण तो डिस्चार्जपाशीच थांबतो. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात परधाडेजवळ आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून उतरलेले प्रवासी कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. अशा प्रसंगातून वाचलेल्याचे प्लास्टर निघते, झोप मात्र परतत नाही. फाटकावर भोंगा वाजला तरी हातपाय गार पडतात. घरचे म्हणतात, ‘आता बरा झालास ना!’ ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. तो डिस्चार्ज कार्डावर ठळक छापावा. आशाताई बाळंतिणीच्या घरी जातातच. निदान सहा महिने अपघातातून वाचलेल्यांच्या घरीही डोकावाव्यात, अर्थात वेगळ्या मानधनासह. धडगावच्या पाड्यावरून मजुरी बुडवून समुपदेशनासाठी दर महिन्याला नंदुरबार गाठणे कोणाला परवडणार?

– एक वाचक, अमळनेर