तुझ्या हातातली दोन पत्रं

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

दोन्ही विद्यापीठांची पत्रं वाचली. एकीकडे जावईबापूंना कायमची जागा आणि तुला त्यांच्यामागून वर्षाच्या कराराने काही तास शिकवणं. दुसरीकडे तुझी स्वतःची तीन वर्षांची पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची जागा, पण शहर वेगळं. मी काय केलं असतं असं विचारतेस. त्याआधी अमेरिकन गणितज्ञ कॅरन उलेनबेक यांनी काय केलं ते ऐक.

ब्रँडाइस विद्यापीठातून 1968 मध्ये त्यांची पीएचडी झाली. एमआयटी आणि बर्कलीत हंगामी नोकऱ्या झाल्या. मग कायमची जागा शोधू लागल्या, तर मोठ्या विद्यापीठांना हवे होते त्यांचे जीवभौतिकशास्त्रज्ञ पती. नवराबायकोला एकाच ठिकाणी घेता येत नाही, तसा नियम आहे, असं त्यांना सांगण्यात आलं. काही वर्षांनी त्यांनी याचा जाब विचारला, तेव्हा असं बोलल्याचं कुणालाच आठवेना! हे वाचून माझ्या अंगाची लाही झाली.

1971 मध्ये दोघं अर्बानाला, इलिनॉय विद्यापीठात गेले. नोकरी चांगली होती, पण प्राध्यापकाची बायको म्हणून जगणं त्यांना काचत होतं. 1976 मध्ये त्या त्याच विद्यापीठाच्या शिकागोतल्या शाखेत गेल्या. अर्बानाच्या मानाने तिचं नाव लहान. पण तिथे त्यांना बोलायला माणसं मिळाली. शिंग-तुंग याउ यांच्यासारख्या गणितज्ञाने त्यांच्या कामाला मनापासून बळ दिलं.

आता ते काम बघ, कारण ते तुझ्याच विषयाच्या शेजारचं आहे. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या तारेच्या कडीवर जो पापुद्रा ताणला जातो, तो कमीत कमी क्षेत्रफळ घेतो. असेच पृष्ठभाग कितीतरी वाकड्या अवकाशांत सापडतात का, हा प्रश्न होता. गोलाचा प्रत्येक बिंदू त्या अवकाशात नेऊन ठेवणारी, ऊर्जा (म्हणजे एकूण ताण) कमी करत जाणारी चित्रणं घ्यायची आणि ती कुठे स्थिरावतात ते पाहायचं, तर मध्येच घोटाळा व्हायचा: काही बिंदूंपाशी ऊर्जा एकवटायची आणि सगळं हातातून निसटायचं. उलेनबेक आणि जोनाथन सॅक्स यांनी दाखवलं की असे बिंदू मोजकेच असतात, आणि त्यातल्या एखाद्याला पुरेसं मोठं करून पाहिलं तर तिथे आणखी एक पूर्ण गोल फुगून सुटा झालेला दिसतो. जिथे पद्धत मोडत होती तिथेच उत्तर दडलेलं होतं. 1981 च्या त्या निबंधातलं हे 'बबलिंग' मला दर वेळी नव्याने थक्क करतं.

मग मूलकणांच्या भौतिकशास्त्रातल्या यांग-मिल्स समीकरणांवरचं काम आलं. गणितज्ञ सायमन डोनाल्डसन यांना ज्यासाठी गणितातलं मानाचं फील्ड्स पदक मिळालं, ते काम त्यावर उभं आहे. 1983 मध्ये मॅकआर्थर फेलोशिप, नंतर टेक्सास विद्यापीठात अध्यासन. 1990 च्या क्योटोच्या गणित महासभेत त्यांचं पूर्णसत्री, म्हणजे सगळ्या सभेसमोरचं, व्याख्यान झालं. त्याआधी तो मान एकाच स्त्रीला मिळाला होता, जर्मन गणितज्ञ एमी नोएदर यांना, 1932 मध्ये. गणितातलं मोठं एबल पारितोषिक 2003 पासून दिलं जातं. ते मिळवणारी पहिली स्त्री म्हणजे उलेनबेक, 2019 मध्ये, वयाच्या शहात्तराव्या वर्षी. प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेत गणितातल्या मुलींसाठीचा कार्यक्रमही त्यांनी गणितज्ञ चू-लियन टर्न्ग यांच्यासोबत उभा केला. मला हे पारितोषिकाइतकंच मोलाचं वाटतं.

माझं मत स्पष्ट सांगते: पोस्टडॉक घे. लांब राहण्याचा त्रास होईल, तो मी कमी लेखत नाही. पण तासांवरच्या शिकवण्यात तुझं संशोधन आधी संध्याकाळवर जाईल आणि मग सुट्टीवर.

होकार कळवण्याआधी मात्र एवढं विचारून घे: तुझ्या विषयाचं सेमिनार तिथे नियमित होतं का, शिकवण्याचा भार किती, आणि ज्यांच्यासोबत काम करायचं ते पुढची तीन वर्षं तिथेच आहेत ना? जावईबापूंशी मी बोलू का? तू म्हणालीस तरच.

तुझी,
आई