सात नंबरचा प्रश्न

नौपाडा, ठाणे
रविवार

प्रिय सुहास,

संशोधनाचा आराखडा वाचला. विषय फक्कड धरला आहेस: घोडबंदर रोडच्या सोसायट्या, ये-जा नोंदवणारं गेटवरचं ॲप आणि तिथं घरकामाला येणाऱ्या बायकांचा फोन. फक्त प्रश्नावलीतला सात नंबरचा प्रश्न आधी खोड. ‘तुम्ही दिवसातून किती तास मोबाइल वापरता?’ हे माणसाला नीट सांगताच येत नाही. मोबाइल-वापराचे अभ्यासक रिच लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यानं नॉर्वेत लोकांनी सांगितलेले आकडे मोबाइल कंपनीच्या नोंदींशी ताडून पाहिले (२०१३), मेळ जेमतेम मध्यम निघाला. २०२१ मध्ये अशा अनेक अभ्यासांची एकत्र छाननी झाली, तिथंही तेच.

तू म्हणशील, मग फोनमधूनच नोंद काढू. तिथं वेगळी गंमत आहे. ॲपवर रिक्षा चालवणाऱ्याचा फोन हँडलजवळ बारा तास चालू असतो. नोंदीत तो मोबाइलचा व्यसनी, प्रत्यक्षात तो नकाशा बघत भाडं मारतोय. उलट, कामाच्या मावशींचा फोन सकाळी त्यांच्याकडे आणि संध्याकाळी मुलाकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या बायका देशात ५४ टक्क्यांच्या आसपासच होत्या. म्हणजे आपल्याला हँडसेटचे तास कळतात, बाईंचे नाहीत. आणि तास कळले तरी हाती काय लागतं? ओर्बेन आणि प्रिझिबिल्स्की या संशोधकांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीनांची माहिती तपासली. त्यांच्या बरं-वाईट वाटण्यातल्या फरकाचा फार तर ०.४ टक्के भाग डिजिटल वापराशी जोडता आला. ‘मोबाइलनं पिढी बिघडली’ असले मथळे खोडायला एवढा आकडा पुरे.

माझं म्हणणं एवढंच की पुढच्या दहा-वीस वर्षांत मोबाइल-वापराच्या अभ्यासात टिकेल ते ‘किती वेळ’ विचारणारं काम नाही, ‘कोण कोणाला, कोणाच्या फोनवरून, कशासाठी’ विचारणारं. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांचा केरळच्या मच्छीमारांवरचा अभ्यास (२००७) आजही का वाचतात? त्यांनी तास मोजलेच नाहीत. १९९७ ते २००१ दरम्यान किनाऱ्यावर मोबाइल आला, नावा समुद्रातूनच फोन करून कुठल्या बंदराला भाव आहे ते विचारू लागल्या, आणि ताज्या मासळीच्या भावातली तफावत व फुकट जाणारा माल दोन्ही कसे घटले, ते मोजलं. मिस्ड कॉलचंही तसंच. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले आणि ‘खाली आलोय’पासून ‘तू मला कर’पर्यंत सगळं दोन रिंगांत सांगता येऊ लागलं. संशोधक जोनाथन डॉनर यांनी आफ्रिकेतल्या अशाच रिंगांचे अलिखित नियम लिहून काढले: कोणी कोणाला द्यायचा, पैसेवाल्यानं का द्यायचा नाही. २०१६ नंतर अमर्याद कॉल आले आणि मिस्ड कॉल बराच मागे पडला. पण फोनचा खर्च आणि तसदी कोणी सोसायची, हा प्रश्न तसाच आहे. तुझ्या गेटवर तोच उभा आहे.

तिथली एक सकाळ डोळ्यांसमोर आण. आठ चाळीसला मावशी गेटवर. वॉचमन कोड टाकतो. त्याच क्षणी त्या जिथं जिथं काम करतात त्या चारही घरांत कळतं की त्या आत आल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई फोन करतात, ‘आधी आमच्याकडे या, मला निघायचंय.’ अकराव्या मजल्यावर नऊचं ठरलेलं असतं, तिथूनही फोन. पूर्वी बस चुकली, आधीच्या घरी उशीर झाला, हे सांगण्याची किंवा न सांगण्याची सोय मावशींच्या हातात होती. आता हजेरी, खाडा, उशीर सगळं मालकिणीच्या स्क्रीनवर, आणि मावशींना त्यातलं काहीच दिसत नाही. तुझा अभ्यास या एकतर्फी दिसण्याचा आहे. तास गेले चुलीत.

आता पद्धत. दोन सोसायट्या, एक ॲपवाली आणि एक रजिस्टरवाली. प्रत्येकी १२ बायका, ७ दिवस. दिवसातून पाच वेळा फोनवर प्रश्न पाठवायची जी पद्धत पुस्तकात असते, ती इथं आपटते: हात भांड्यांत, फोन पिशवीत, पिशवी कुणाच्या तरी बाल्कनीत. त्याऐवजी दोन ठरलेल्या वेळा ठेव, दुपारी घरी परतताना आणि रात्री जेवणानंतर, तीन-तीन मिनिटांचा फोन. २४ × ७ × २ म्हणजे ३३६ फोन होतात. एकट्यानं करू नकोस, आवाज बदलला की उत्तरं बदलतात म्हणून दोघांनी आपापल्या १२ जणी शेवटपर्यंत धरा. चार-पाच जणी मध्येच गळतील, ते धरूनच चाल.

सोबत एक चित्रकार्ड. ए-फोर कागदाची घडी घालून चार भाग, एकेक भाग एकेका घराचा. खुणा पाचच: फोन आला, फोन केला, व्हॉइस नोट, गेटवर थांबवलं, निरोप वॉचमनमार्फत. ही पाचवी खूण विसरू नकोस, फोनवर न आलेला निरोप फोनच्या कुठल्याच नोंदीत नसतो. कार्डावर रिचार्ज संपण्याची तारीखही लिहून घे. २८ दिवसांचा पॅक संपला की दोन-तीन दिवस बाहेर जाणारे फोन बंद, आणि तुला वाटेल नातं थंडावलं. महिन्याचा पहिला आठवडा (पगार, उचल) आणि गणपती-दिवाळी टाळ.

काही जणींच्या फोनवर नोंदीचं ॲप टाकणारच असशील, तर अँड्रॉइड बारीक नोंदी काही दिवसच ठेवतं, रोज रात्री उतरवून घे. स्वस्त हँडसेट बॅटरी वाचवायला मागं चालणारं ॲप मारून टाकतात. बॅटरी-बचतीतून ॲपला सूट आणि ऑटोस्टार्ट (ॲप आपोआप सुरू होण्याची परवानगी) दोन्ही हातानं चालू करावं लागतं, आणि अपडेट आलं की पुन्हा बघावं लागतं. त्यामुळे रिकामा तास दिसला की ‘वापर नाही’ लिहू नकोस, ‘नोंद नाही’ लिही. कॉल लॉग (आल्या-गेल्या फोनची यादी) मागणाऱ्या ॲपना प्ले स्टोअरवर २०१९ पासून फारशी जागा नाही, तो नाद सोड.

जीपीएस तर नकोच. द मॉन्तज्वा या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की १५ लाख लोकांमधून ९५ टक्के माणसं वेळ-जागेच्या फक्त चार बिंदूंवरून वेगळी काढता येतात. मावशींचं घर आणि तीन सोसायट्या, झाले चार बिंदू. नंबरही लिहू नकोस. जागेवरच ‘घर १’, ‘बहीण’, ‘वॉचमन’ करून टाक, कारण पलीकडच्या माणसानं तुला संमती दिलेली नाही. व्हॉट्सॲपचा ग्रुप एक्सपोर्ट करून द्या म्हणालास तर पन्नास जणांचं बोलणं एकीच्या सहीवर येतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण ठरलेले निकष पाळून, आणि त्या माहितीवरून त्या व्यक्तीबाबत कुठला निर्णय होणार नसेल तरच. म्हणून सेक्रेटरीला निकालाची प्रत द्यायचं कबूल करू नकोस. तो ‘कोण किती खाडे करते’ एवढंच शोधेल.

संमती वाचून दाखव, मराठीत आणि हिंदीत, मालकिणीच्या घरी नव्हे, दुपारच्या वेळी बसस्टॉपवर. मानधन रोख दे. रिचार्ज दिलास तर तो मुलाच्या गेममध्ये जातो. दुसऱ्या दिवशी सोडून गेली तरी पूर्ण रक्कम, नाहीतर पैशासाठी कार्डावर खुणा भरल्या जातील.

वेगळी बाब म्हणजे, निरोप लिहिणारं यंत्र (एआय) या गेटच्या ॲपमध्येही आलं की ‘कोण कोणाला’मधला पहिला ‘कोण’च डळमळेल. ‘उद्या लवकर या’ मालकिणीनं लिहिलं की ॲपनं, हे मावशींना कळेल का? प्रश्नावलीत आत्ताच एक ओळ घाल: ‘हा निरोप कोणी पाठवला असं तुम्हाला वाटलं?’ आज उत्तरं निरस येतील, पण पाच वर्षांनी ताडून पाहायला काहीतरी असेल.

आधी चार जणींवर तीन दिवस करून बघ. कार्डावरची ‘व्हॉइस नोट’ची खूण माईकची ठेवली आहेस, ती बऱ्याच जणी आइस्क्रीमचा कोन समजतील. बोलणाऱ्या तोंडाचं चित्र काढ आणि छापायच्या आधी मला पाठव.

तुझा,
मंदार