चि. भैय्यास, गोळ्यांबद्दल

चि. भैय्या यास,
अनेक आशीर्वाद.

परवा जळगाव स्टेशनवर गाडीच्या दारात तुला नको ते बोललो. खिशात सिगारेटचं पाकीट दिसलं आणि तोंड सुटलं. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी मोजकंच बोलते. म्हणून ठरवलंय, सिगारेटचा विषय काढायचा नाही, हार्टच्या रक्तवाहिनीत स्टेंटची जाळी बसवलीय, त्यानंतरच्या गोळ्यांचं तेवढं लिहायचं.

अ‍ॅस्पिरिन 75 आणि क्लोपिडोग्रेल 75, दोन्ही गुठळी होऊ न देणाऱ्या, रोज एकेक, जेवणानंतर. हुकली तर आठवताच घे. दुसऱ्या दिवशीची वेळ होत आली असेल तर एकच घे, दोन नाही. दाढ काढायची झाली तरी हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही. स्टेंटच्या तारांवर आतलं अस्तर चढायला महिने लागतात. तोवर प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, तिथे चिकटायला टपलेल्या असतात, आणि गुठळी झाली तर रक्तवाहिनी काही मिनिटांत बंद. अंगदुखीला मनाने ब्रुफेन नको, ती अ‍ॅस्पिरिनच्या आड येते. पित्तासाठी ओमेप्राझोलही नको. पॅन्टोप्राझोल चालेल का ते विचार. शौचाला काळं झालं तर आत रक्तस्राव असू शकतो, त्याच दिवशी दाखव.

"ओढणाऱ्यांना क्लोपिडोग्रेल जास्त लागू पडते, आप्पा," म्हणालास. अर्धं खरं आहे, म्हणूनच राग आला. ही गोळी पोटात जाते तेव्हा कच्ची असते. शंभरातली सुमारे 85 वाटेतच निकामी होते, उरलेली यकृत दोन टप्प्यांत कामाची करतं. धुरातल्या डांबराने यकृतातलं एक एन्झाइम वाढतं, म्हणून थोडी जास्त तयार होते. पण तोच धूर प्लेटलेटना चिकट करतो, रक्तातलं फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळी बांधणारं प्रथिन, वाढवतो, रक्तवाहिनीचं अस्तर बिघडवतो. केळीच्या ठिबकला नवा फिल्टर बसवायचा आणि टाकीत रोज घमेलंभर माती टाकायची, असला हा हिशोब.

सोडलीस की आठवडाभरात ते एन्झाइम मूळ पातळीवर येतं, गोळीचा असर थोडा उतरू शकतो. म्हणून सोडशील त्या दिवशी डॉक्टरांना सांग. त्यांना वाटलं तर क्लोपिडोग्रेलऐवजी टिकाग्रेलॉर देतील: 90 ची, दिवसातून दोनदा. तिला यकृताची ही खटपट लागत नाही, मात्र कुणाकुणाला तिने धाप लागते. तलफेसाठी निकोटिनचं च्युइंगगम चालेल का तेही विचार. एन्झाइम वाढतं ते धुरामुळे, निकोटिनमुळे नाही. चावून झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं. चुना मळून तंबाखू धरशील तर मात्र बघ.

आलो ना पुन्हा तिथेच. राग मानू नकोस. मेहरूणची बोरं खिशात लपवून आणायचास, आणि फुगलेला खिसा दारातूनच दिसायचा. तुझी आई तेव्हा हसायची. आणि त्या दिवशी स्टेंट बसवून टेबलावरून आणल्यावर तूच मला म्हणालास, आप्पा, पाणी प्या. एवढं धीराचं पोर आणि एका काडीपुढे

असो. कळण्याचं पीठ डब्याच्या तळाशी आहे. मीठ बेताने घाल. रात्री गोळ्या घेतल्यास की मिस्ड कॉल दे, उचलणार नाही.

आप्पा