आधी जेवण आणि उरल्या वेळात वाडा?

मा. संपादक,
स. न.

शहरातल्या वाचकांना शनिवार-रविवार गावाकडे कसा घालवावा हे शिकवणारा लेख कालच्या पुरवणीत वाचला. दुपारी ओळखीच्या घरी चुलीवरचं भरपेट जेवण, मग वामकुक्षी आणि ‘परतताना वाटेत’ मेणवलीचा वाडा! लेखकाने हा क्रम कोणाला विचारून ठरवला? मी वाई तालुक्यातल्या एका गावात राहते. असले लेख वाचून निघालेली मंडळी आमच्याच दारात उतरतात, म्हणून हे पत्र.

जेवू घालण्याबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. भाकरी, भरलं वांगं, घेवड्याची आमटी, सायीचं दही हे सगळं मी हौसेने करते आणि पाहुण्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली तर मला आनंदच होतो. माझा राग आहे तो जेवणानंतर जे घडतं त्यावर.

मागच्या रविवारी यांचा पुतण्या मित्रांना घेऊन आला. ‘सकाळी लवकर या, आधी वाडा बघू, मग निवांत जेवू’ असं मी फोनवर बजावलं होतं. मंडळी उगवली भर दुपारी. जेवणं, गप्पा, झोप, चहा उरकून मेणवलीला पोचेपर्यंत उन्हं उतरली होती. चौकात थोडा उजेड होता, पण आतल्या खोल्यांत अंधारून आलं होतं. मोबाइलचे दिवे लावून माडीवरची भित्तिचित्रं बघायची वेळ आली. त्यातल्या एकाने चित्राच्या भिंतीला तळहात टेकला, पाठ लावली आणि म्हणाला, काढ फोटो. मी ओरडलेच. त्यावर तो अगदी सहज म्हणाला, ‘काकू, पेपरात पण असाच फोटो होता की!’

घरी येऊन रद्दीतली तुमची जुनी पुरवणी काढून पाहिली. तो खोटं बोलत नव्हता. रंगवलेल्या भिंतीला रेलून हसणारी मुलगी तुम्ही अर्धं पान छापली होती. काल पुन्हा तोच फोटो! भिंत चुन्याच्या गिलाव्याची आहे. हाताचं तेल आणि घाम तिच्यावर बसतो, त्यावर धूळ धरते, रंग काळवंडतो, पोपडा सुटतो. गेलेला रंग परत येत नाही. हे तुमच्या छायाचित्रकाराला कोणीच सांगितलं नाही?

लेखात ‘पेशव्यांचा वाडा’ असं छापलंय, तेही चूक. वाडा नाना फडणवीसांचा. पानिपतावरून विशीच्या आतला जो मुलगा कसाबसा जीव वाचवून परतला, आई मात्र ज्याला परत आणता आली नाही, त्याने पुढे गाव इनाम मिळाल्यावर कृष्णाकाठी बांधलेलं हे घर. एकामागून एक सहा चौक आणि मागच्या दाराने थेट घाटावर. याच वाड्यातले कागद अभ्यासक मेणवली दप्तर म्हणून ओळखतात, ते आज पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहेत. तुमच्या लेखात त्याबद्दल एक ओळ नाही. झुणक्याला मात्र दोन परिच्छेद आहेत.

घाटावरच्या घंटेचंही तेच. लेखात ती फक्त ‘मोठी घंटा’. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसईच्या विजयानंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या, त्यांतली ही एक. नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला तशाच घंटा आहेत. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी अजून स्पष्ट दिसते. पुतण्याच्या मित्रांपैकी एकीने ती पाहिली आणि ही इथे कशी आली म्हणून विचारलं. मी सांगू लागले. तेवढ्यात बाकीच्यांनी गाडीचा हॉर्न वाजवायला सुरुवात केली, कारण पुण्याला पोचायला उशीर होत होता. त्या मुलीचा प्रश्न अर्धाच राहिला, याचं मला अजून वाईट वाटतं.

आणखी एक. ‘मेणवलीचा घाट’ म्हणून जो फोटो छापलाय तो वाईच्या गणपती घाटाचा आहे. मागे ढोल्या गणपतीचं देऊळ चक्क दिसतंय. वाईतलं शाळकरी पोरही हे सांगेल.

तेव्हा कृपा करून फोटोची आणि ‘पेशव्यांचा वाडा’ची दुरुस्ती येत्या रविवारी छापा, आणि ती कोपऱ्यात बारीक अक्षरांत नको. भिंतीला रेललेल्या मुलीचा फोटो पुन्हा वापरू नका. आणि वाड्याला सकाळच्या उजेडात जा, चित्रांना हात लावू नका, जेवण त्यानंतर, एवढं त्याच चौकटीत ठळक लिहा. दुपारी दोन वाजता आलात तरी आमच्याकडे भाकरी गरमच मिळेल.

आपली,
एक नियमित वाचक, वाई तालुका