दाजी, तिकडून एक रायफल घेऊन या की

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

मी मूळचा राधानगरी तालुक्यातला, गेली सोळा-सतरा वर्षं अमेरिकेत ओहायोमध्ये असतो, आणि तुमचा पेपर रोज सकाळी मोबाइलवर वाचतो. १ ऑगस्ट २०२४ ला आमच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून नेम मारायचा प्रकार) ब्रॉन्झ मारलं, ४५१.४ स्कोअर, तेव्हा इथं आमच्याकडं पहाट होती आणि मी खरंच हॉलमध्ये एकटा ओरडलो, बायको घाबरून उठली. पण त्यानंतर एक नवीन ताप मागं लागलाय. मेव्हण्याचा फोन येतो, "दाजी, तिकडं रायफल दुकानात मिळत्यात म्हणं, पंचवीस हजारात, एक घेऊन या की पोरासाठी." मग त्याचा मित्र, मग गावाकडच्या शाळेतले एक सर. सगळ्यांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच पेपरात लिहावं म्हटलं.

पहिली गोष्ट, किंमत त्यानं बरोबर सांगितली. इथं पॉइंट टू-टू ची (म्हणजे ०.२२ इंची नळीची) साधी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल (दर बाराला हातानं खटका, म्हणजे बोल्ट, मागं-पुढं सरकवायची), उदाहरणार्थ सॅव्हेज मार्क टू किंवा रुगर अमेरिकन रिमफायर, अंदाजे अडीचशे ते चारशे डॉलरला येते. चेक कंपनीची सीझेड ४५७ त्याच्या वर जाते पण तिचा बोल्ट लोण्यासारखा सरकतो, हातात घेतली की खाली ठेववत नाही. रिमफायर म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दिवाळीतल्या टिकलीचा मसाला असतो ना तसला ठिणगी पाडणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या कडेला, रिममध्ये आतून भरलेला असतो, फायरिंग पिन त्या कडेवर आपटते आणि बार होतो. म्हणून हे काडतूस परत भरता येत नाही, पण स्वस्त पडतं, धक्का जवळजवळ नसतो, आणि शिकणाऱ्याला तेच पाहिजे असतं. एका राउंडला, म्हणजे एका काडतुसाला आठ-दहा सेंट, शनिवारी सकाळी शंभर राउंड उडवले तरी खिशाला चटका बसत नाही.

मी स्वतः पहिली रायफल कशी घेतली ते सांगतो, कारण त्यात सगळ्या चुका आहेत. एच-वन या नोकरीच्या व्हिसावर होतो तोपर्यंत तर विषयच नव्हता, त्या व्हिसावर शिकारीचं लायसन्स वगैरे असल्याशिवाय इथला केंद्राचा कायदाच बंदूक बाळगू देत नाही, हे आपल्या बऱ्याच पोरांना माहीत नसतं आणि मित्राबरोबर दुकानात जाऊन हौसेनं फॉर्म भरायला बसतात, तसं करू नका. ग्रीन कार्ड आल्यावर दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरला, तिथल्या तिथं बॅकग्राउंड चेक झाला, आणि रायफल हातात. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची, तिला शिकवायची म्हणून घेतलेली. आणि मी काय बघून घेतली तर फक्त किंमत. सोबत दुर्बीण फुकट होती, म्हटलं चला डील झाली.

घरी आल्यावर कळलं की दस्ता (खांद्याला टेकवायचा मागचा भाग) मोठ्या माणसाच्या मापाचा आहे. पोरीला ट्रिगरपर्यंत बोट न्यायचं तर मान लांब करावी लागायची, डोळा दुर्बिणीच्या मागं यायचाच नाही, दहा मिनिटांत खांदा दुखायला लागला आणि ती म्हणाली बाबा मला नको हे. माप बघायची सोपी रीत नंतर इथल्या रायफल क्लबातल्या एका म्हाताऱ्यानं दाखवली. रिकामी रायफल, बोल्ट उघडा, आतमध्ये राउंड नाही हे दोनदा बघायचं, मग दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवायचं आणि बोट ट्रिगरवर आरामात पोचतंय का बघायचं. बस. लहान पोरांसाठी आखूड दस्त्याच्या यूथ रायफली येतात, आणि सॅव्हेज रास्कलसारखी एका वेळी एकच राउंड घेणारी पण येते, तीच घ्यायला पाहिजे होती. दर राउंडला हातानं भरायचं म्हटलं की पोर आपोआप सावकाश होतं. दुकानदार मात्र दहा राउंडवाली सेमी-ऑटो पुढं करत होता, धडाधड उडते, मजा येते, पण धडाधडीत नेम येत नाही हो.

फुकटची दुर्बीण सहा महिन्यांत बदलावी लागली. नवी घेतली ती रिमफायरची, म्हणजे ५० यार्डावर सेट केलेली. मोठ्या रायफलीच्या दुर्बिणी जनरली १०० यार्डाच्या असतात, त्या इथं लावल्या तर डोळा जरा हलला की नेम हललेला दिसतो. पुढं सीझेड घेतली तेव्हा तर अजून गंमत, तिच्यावर दुर्बीण बसवायला ११ मिलीमीटरची खाच असते, मी घरातल्या जुन्या, दुसऱ्या मापाच्या वीव्हरच्या रिंगा (दुर्बीण धरणारी कडी) घेऊन रेंजवर गेलो, त्या बसेचनात, अख्खा रविवार वाया गेला आणि घरी बोलणी खाल्ली ती वेगळी.

काडतुसांचं सांगतो, कारण पैसे खरे तिथं वाचतात. प्रत्येक रायफलीची चव वेगळी असते. आमच्या नळीला कुठली भावतात बघायला मी सहा वेगवेगळ्या कंपन्यांची पन्नास-पन्नासची डबी आणली, ५० यार्डावर प्रत्येकाच्या पाच-पाच गोळ्या मारल्या. सगळ्यात महाग होती तिची भोकं पोह्यासारखी विखुरली, आणि मधल्या किमतीच्या साध्या स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या पाचही गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या (नाणं पाकिटात कायम असतं, गावाची आठवण). या गोळ्या सेकंदाला १०७० फुटांच्या आसपास निघतात, आवाजाच्या वेगाच्या खालीच राहतात, म्हणून जाता जाता डगमगत नाहीत. हाय व्हेलॉसिटी वाल्या त्या वेगाच्या वर निघतात आणि पुढं हळू होताना मध्येच हेलकावतात. आणि एवढीशी गोळी बघून कुणी हलक्यात घेऊ नका, ती मैलाच्या पुढं जाते, मागं मातीचा बांध नसेल तर चाप ओढायचा नाही. गोळ्या शिशाच्या असतात, झाल्यावर हात धुवा आणि मगच डबा उघडा.

आता मुद्द्याचं. एवढं सगळं शिकून झालं तरी माझ्याकडची ही साधी रायफल मेव्हण्याच्या पोराला ५० मीटर थ्री पोझिशनला चालणारच नाही. स्वप्निल जी मारतो ती पण पॉइंट टू-टू बोल्टच आहे, पण त्या प्रकारात दुर्बीण चालत नाही, बारीक भोकाची पीप साइट लागते, रायफल एका राउंडची असते, वजन आठ किलोपर्यंत चालतं, आणि ५० मीटरवरचा दहा गुणांचा मधला गोल फक्त १०.४ मिलीमीटरचा असतो, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. तसली मॅच रायफल जर्मनीची-बिर्मनीची, लाखांत जाते. माझी ही इथल्या मैदानांवर, आमच्या ओहायोत लेक ईरीच्या काठी कॅम्प पेरी आहे तिथं रिमफायर स्पोर्टरच्या मॅच होतात, २५ आणि ५० यार्ड, साडेसात पौंडाच्या आतली साधी रायफल, त्यासाठी झकास. म्हणजे चुलीवरचा तवा चांगलाच आहे, पण तुम्हाला करायचाय केक.

आणि आणायची कशी? लायसन्स आणि परवानग्यांशिवाय बंदूक बॅगेत टाकून आणणं म्हणजे सरळ केस. आपल्याकडं आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ प्रमाणं पॉइंट टू-टू ला पण लायसन्स लागतं आणि ते एकवीसच्या आत मिळत नाही, ट्रेनिंगमध्ये लहान पोरांना वापरता येते ते नियमात बसून आणि कुणाच्या तरी देखरेखीखाली. हेच कायदेवाले लोक खेळाडूंना अगदी विसरलेत असं पण नाही, एका माणसाला दोनच बंदुका ही जी मर्यादा आहे ती मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या मेंबरांच्या टार्गेट प्रॅक्टिसच्या पॉइंट टू-टू ला लागू होत नाही. म्हणजे रस्ता आहे, पण तो क्लबातून जातो, दाजीच्या बॅगेतून नाही.

मेव्हण्याला मी सांगितलं, पोराला आधी क्लबात घाल, दहा मीटरची छऱ्याची, पॉइंट १७७ ची एअर रायफल, ती पण क्लबाचीच. वर्षभर त्याला उभं राहणं, श्वास धरणं, चाप हळू दाबणं जमतंय का बघ, कंटाळतोय का बघ. तेजस्विनी सावंत आपल्याच कोल्हापूरची, २०१० ला म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियन झाली ती ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं पडून मारायचा प्रकार), म्हणजे पन्नास मीटरचा नाद आपल्याकडं नवा नाही. पण इथं आमच्या क्लबात पण पोरांना पहिलं वर्ष छऱ्याच्या रायफलीवरच काढायला लावतात, आणि दुकानात पंचवीस हजारात मिळत असून लावतात.

तुम्हाला एक विनंती, साहेब. मेडल आलं की आपल्याकडं फोटो, मिरवणूक, रायफलीची किंमत किती लाख हे सगळं छापून येतं. त्याच पानावर कधीतरी जिल्ह्यात क्लब कुठं आहेत, फी किती, कोणत्या वयाला काय मारता येतं, लायसन्सचा अर्ज कुणाकडं करायचा, एवढं एक चौकटीत छापा. माझे फोन तरी कमी होतील.

मेव्हण्याच्या पोरासाठी डिसेंबरात येताना कानावर लावायचे चांगले इअरमफ आणतोय. फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "बरं, मग रायफल पुढच्या वर्षी आणा."

आपला एक वाचक,
क्लीव्हलँडजवळ, ओहायो (मु. पो. राधानगरी तालुका)